ज्याला जा म्हटलं आणि जो गेला

मरणापुढे सगळी माणसं सारखी असतात, असं थोर लोक सांगत आले आहेत. आमचे शेजारी केशवराव मुहर्रिर यांना हे तत्त्व मान्य होतं. त्याची अंमलबजावणी होत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. त्यासाठी कायदा पाहिजे, असं ते म्हणत, आणि मग तो लिहायला बसत.

त्यांच्या घराच्या चौकटीला सुतळीनं एक वही टांगलेली असे. घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाची तीत नोंद व्हायची. ‘गयाबाई, रवानगी, दळणाला.’ खाली, ‘गयाबाई, वापसी, दळणासह.’ पाहुण्यांनाही सूट नव्हती. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा निघताना मला वाटलं, आपल्याला सही करायची आहे. मी पेनाला हात घातला तसे केशवराव जवळजवळ ओरडले.

“आधी बाहेर व्हा, प्रोफेसर! आधी पाय बाहेर, मग पेन.”

मी उंबऱ्याबाहेर आलो. ते दारात उभे राहिले. मी गल्लीच्या कोपऱ्यावर वळून मागं पाहिलं, तेव्हा कुठं त्यांनी वहीवर मान खाली घातली. माझं घर त्यांच्या घरापासून चौथं होतं, आणि कोपरा सहाव्या घरापाशी. म्हणजे नोंद नीट व्हावी म्हणून मी माझ्याच घरावरून पुढं जाऊन परत आलो होतो.

“तुम्ही नवे आहात,” केशवरावांच्या पत्नी, गयाकाकू, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. “मी तीस वर्षं, जिथं राहिलो तिथल्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तेवढा बिननोंदीचा आहे. तो कुठं जात नाय म्हणून.”

मुहर्रिर हे त्यांचं आडनाव नव्हे. निजामाच्या काळात पोलीस ठाण्यातल्या लेखनिकाला मुहर्रिर म्हणत. केशवराव दौलताबादजवळच्या शेतकरी घरातले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सगळं शिक्षण उर्दूतून झालं आणि अक्षर इतकं सुंदर होतं की अठराव्या वर्षी ठाण्यात नोकरी लागली. मग पोलीस ॲक्शन झाली. राज्य गेलं, झेंडा बदलला, अमीनसाहेबाला लोक फौजदार म्हणू लागले, पण ठाण्यातली रोजनामच्याची, म्हणजे रोजच्या नोंदींची, वही तीच राहिली आणि वहीपुढं केशवरावही तेच राहिले. पुढं दफ्तर मराठीत आलं तेव्हा त्यांनी तिशीत मराठी लिहायला नव्यानं शिकून घेतलं. त्यांचं मराठी अक्षरही सुंदर होतं. मजकूर मात्र बराच काळ फारसीच होता.

औरंगाबादेत, शहागंजच्या मागं आमच्या गल्लीत, ते निवृत्त होऊन राहायला आले. शहराचं नाव तेव्हा बदललं नव्हतं. तोवर त्यांचा जगाकडं बघण्याचा एकच प्रश्न उरला होता: “नोंद हाय का?” कुणी म्हणालं, यंदा ऊन फार आहे, तर नोंद हाय का? शेजारच्या सुनेला मुलगा झाला, नोंद हाय का? हा दुसरा प्रश्न निदान कामाचा होता. एकदा कीर्तनकारबुवा म्हणाले की पुंडलिकानं देवाला विटेवर उभं केलं. केशवराव पहिल्या रांगेतून हळूच म्हणाले, “उभं केलं ते ठीक. वेळ?”

आणखी एक सवय होती. आमच्या गल्लीतून शहागंजच्या बाजारात जायला सरळ रस्ता आहे, पाच मिनिटांचा. केशवराव भाजीला जाताना उलट्या दिशेनं निघत, मशिदीला वळसा घालून दोन गल्ल्या ओलांडत, आणि वीस मिनिटांनी त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उगवत. मी कारण विचारलं.

“सरळ रस्त्याला लई गर्दी.”

सरळ रस्त्याला दोन शिंपी, एक बांगड्यांचं दुकान आणि ऊन खाणाऱ्या चार शेळ्या एवढीच गर्दी असे. मी वाद घातला नाही. माणसाला पायाखालचा रस्ता निवडायचा हक्क घटनेनं दिला आहे, असं मी कॉलेजात शिकवत असे.

मी राज्यशास्त्र शिकवतो हे कळलं त्या दिवशी ते कागदांचं एक भेंडोळं घेऊन माझ्याकडे आले. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसांचे सार्वजनिक स्मारक अधिनियम.’

“तुमी तपासा,” ते म्हणाले. “मराठी जरा मुलायम करा. फारसी दिसली की काढून टाका. पण कलम दोनच्या ‘ड’ला हात लावू नका.”

मी वाचायला लागलो. स्मारकांविषयी मला प्रेम नाही. ज्यांना जिवंतपणी कुणी खुर्ची दिली नाही त्यांना मेल्यावर चबुतरा देण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि चबुतऱ्याचा उपयोग मुख्यतः भाषणाला उभं राहण्यासाठी होतो. तेव्हा मी जरा छद्मी मनानंच वाचत होतो. पण मसुदा शहाणा होता. कलम चार: स्मारक जिल्ह्याच्या ठिकाणी, रहदारीच्या जागी असावे, कुंपण नसावे, लोकांना टेकता यावे. कलम सहा: नावे हुद्द्याप्रमाणे न लावता मृत्यूच्या क्रमाने लावावीत. कलम सात: भाषणे होऊ नयेत, झाल्यास ती बसून ऐकण्याची सक्ती नसावी. कलम नऊ: उद्घाटकाचे नाव शिळेवर कोरता येणार नाही.

आणि कलम दोन, पोटकलम ‘ड’. व्याख्या.

‘कर्तव्यावर म्हणजे, रोजनामच्यात नोंद असो वा नसो, अंगावर वर्दी असो वा नसो, ज्याला जा म्हटलं आणि जो गेला, तो.’

मी चष्मा काढून पुसला. मी आयुष्यात पुष्कळ कायदे वाचले आहेत. त्यांतलं एकही वाक्य मला तोंडपाठ नाही. हे मात्र अजून आहे.

“काका,” मी म्हणालो, “तुम्ही म्हणताय, नोंद असो वा नसो? तुम्ही?”

“कायद्यात सगळ्यांची सोय बघावी लागती,” ते म्हणाले, आणि चहा अर्धा ठेवून उठले. त्या दिवशी घरी गेल्यावर स्वतःची वापसी लिहायलाही ते विसरले, असं काकूंनी नंतर सांगितलं.

पुढची सात-आठ वर्षं तो मसुदा दर अधिवेशनाआधी नव्यानं लिहिला जाई. केशवराव तो स्वतःच्या हातानं उतरवून आमदारांना पाठवत. टंकलेखनावर त्यांचा विश्वास नव्हता. यंत्राला नोंदीची जबाबदारी कळत नाही, असं त्यांचं मत होतं. उत्तरं यायची. ‘आपले पत्र मिळाले.’ ती ते नीट फाइल करून ठेवत. “मिळाल्याची नोंद झाली,” म्हणत.

अखेर आमच्या भागात एक तरुण आमदार निवडून आले. त्यांचे वडील पोलिसात हवालदार होते. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. त्यांच्या बैठकीत एवढी माणसं होती की केशवराव दारातच थबकले, बहुतेक वही शोधत.

आमदारांनी मसुदा खरोखर वाचला. मला त्यांच्याविषयी आदर वाटला, तो सुमारे दहा मिनिटं टिकला.

“काका, एक नंबर काम केलं तुम्ही. मांडतो मी सभागृहात. फक्त ते कलम नऊ काढू. उद्घाटनाला माणूस यायचा कसा मग?”

“नाय आला तरी चालंल.”

“तुम्हाला चालेल. बांधकाम खात्याला चालणार नाही. आणि हे दोनचं ‘ड’. नोंद असो वा नसो म्हणता. उद्या कुणीही उठेल न् म्हणेल, आमचा म्हातारा कर्तव्यावर गेला. व्याख्या कशी पाहिजे, टाइट पाहिजे.”

“नऊ काढा,” केशवराव म्हणाले. “सात पण काढा. पाहिजे तर चबुतरा काढा. ‘ड’ राहू द्या.”

“चबुतरा काढल्यावर राहतं काय, काका?”

“‘ड’ राहतो.”

आमदार हसले. बैठकीतले सगळे हसले. मीही हसलो असेन. केशवरावांनी मसुदा उचलला, त्याच्या घड्या सरळ केल्या आणि परत आमदारांपुढं ठेवला. त्या पिढीला हट्ट करणं माहीत होतं, पण आवाज चढवून नव्हे.

विधेयक मांडलं गेलं. अशासकीय विधेयकाचं जे होतं तेच त्याचं झालं. मंत्र्यांनी भावना रास्त असल्याचं सांगितलं, शासन विचार करेल असं आश्वासन दिलं, आणि आमच्या आमदारांनी विधेयक मागं घेतलं. आश्वासन मिळालं की कायदा परत घ्यायचा, अशी पद्धत आहे; जेवणाचं आमंत्रण मिळालं म्हणून शेती विकण्यासारखं. तरी आश्वासनातून एक समिती निघाली. जिल्ह्यात एक स्मारक बांधावं, आणि त्यावर कुणाची नावं येतील ते ठरवावं, एवढं तिचं काम. समितीनं सरकारी विश्रामगृहावर नागरिकांच्या सूचना ऐकायचं ठरवलं.

सुनावणीच्या दिवशी केशवराव काळी शेरवानी घालून आले. ती त्यांनी बहुतेक निजामाच्या राज्यानंतर पहिल्यांदाच काढली होती; डांबराच्या गोळ्यांचा वास आम्ही आलो त्या रिक्षात दोन दिवस राहिला असणार. समितीत तीन अधिकारी होते. मधले अध्यक्ष वयानं लहान आणि वागायला नम्र होते.

“बाबा, तुमचा मसुदा आम्ही वाचला,” ते म्हणाले. “नावं आम्ही रेकॉर्डवरूनच घेणार. ज्याची नोंद कर्तव्यावर असताना मृत्यू अशी आहे, तो यादीत. तुम्ही इथं म्हणता, नोंद असो वा नसो. का, ते आम्हाला कळलं नाही. तुम्ही तर स्वतः मुहर्रिर होतात.”

“म्हणूनच,” केशवराव म्हणाले.

मग ते उभे राहिले. बसून बोला, असं अध्यक्ष म्हणाले, पण ते उभेच राहिले, आणि बोलू लागले. मला हे सगळं तिथंच, त्यांच्या शेजारी बसून, पहिल्यांदा कळत होतं.

पोलीस ॲक्शननंतर सहा-सात वर्षांची गोष्ट. ठाणं जालना रस्त्यावरचं, छोटं. कुण्या मंत्र्यांचा दौरा होता आणि सगळं ठाणं बंदोबस्ताला गेलेलं. मागं दोघंच: मुहर्रिर केशवराव आणि चाँदमियाँ नावाचा शिपाई. चाँदमियाँची त्या दिवशी दुपारी बारापासून सुट्टी होती. दौऱ्याच्या निमित्तानं वरचे साहेब ठाण्यात डोकावतील, वही स्वच्छ दिसावी, म्हणून केशवरावांनी सकाळी अकरालाच सगळ्या नोंदी लिहून टाकल्या. ‘चाँदमियाँ, सुट्टीवर रवाना, वेळ बारा.’

“अक्षर लई छान आलं होतं त्या दिवशी,” ते म्हणाले.

पण बस दोनची होती. चाँदमियाँ वर्दी उतरवून, पायजमा घालून, गाठोडं मांडीवर घेऊन ठाण्याच्या बाकावर बसला होता. दीड वाजता एक माणूस पळत आला. कचरू नावाचा एक जण करमाडच्या बाजारातून पिऊन येताना विहिरीत पडला होता. केशवरावांना ठाणं सोडता येत नव्हतं.

“मी म्हणलो, चाँद, जरा बघून ये बाबा. तो म्हणला, गाठोड्यावर नजर ठेव, आत लेकीच्या बांगड्या हायत. अन् गेला.”

चाँदमियाँ दोरावरून विहिरीत उतरला. दोर कचरूच्या कमरेला बांधला. लोकांनी कचरूला वर ओढलं. तो बेशुद्ध होता, मग सगळे त्याच्या भोवती जमले. कुणी पोट दाबतंय, कुणी कांदा हुंगवतंय. दोर कचरूच्याच कमरेला राहिला. खाली अजून एक माणूस आहे, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं, तोवर उशीर झाला होता.

(त्यानंतर कचरूनं दारू सोडली, असं लिहायला मला आवडलं असतं. त्यानं ती पंचाहत्तरीपर्यंत सोडली नाही.)

“चौकशी लागली,” केशवराव म्हणाले. “साहेबानं रोजनामचा उघडला. बारा वाजता सुट्टीवर रवाना. म्हणजे दीड वाजता चाँद खासगी माणूस. साहेबानं विचारलं, मुहर्रिर, नोंद बरोबर हाय? खोटी म्हणावी तर नोकरी जाती. मी म्हणलो, जी, बरोबर हाय.”

केशवराव टेबलाजवळ गेले. 

“आता लेखी देतो. नोंद खोटी होती, लिहिणारा मी. पाठवणारा बी मी.” त्यांनी शेरवानीच्या आतून एक कागद काढला. अक्षर नेहमीसारखंच सुंदर होतं.

अध्यक्षांनी तो दोनदा वाचला. “बाबा, हे रेकॉर्डवर घेतलं तर तुमच्याविरुद्ध जाईल.”

“व्हय. त्यासाठीच आणलाय.”

“घेतो,” अध्यक्ष म्हणाले. मग खाली बघत, “पण एवढ्यावरून जुनी नोंद बदलता येणार नाही. मूळ वही पाहिजे. ती वही आता कुठं असेल, सांगता येत नाही.”

केशवरावांनी मान हलवली. हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

रिक्षानं परत आलो. गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि त्यांनी माझा दंड धरला.

“प्रोफेसर, जरा सोबत चला. सरळ रस्त्यानं.”

मग त्यांना काहीतरी आठवलं. आधी ते घरी गेले, चौकटीची वही काढून माझ्या हातात दिली, आणि बाहेर येऊन गल्लीत उभे राहिले. “तुमी लिहा. मी बाहेर आलोय, बघा नीट. मग लिहा.”

“काय लिहू?”

“रवानगी. चाँदच्या घरी.”

मी लिहिलं. माझं अक्षर वाईट आहे. त्यांनी वही तशीच घेऊन चौकटीला टांगली.

बांगड्यांचं ते दुकान चाँदमियाँच्या बायकोचं होतं. म्हणजे पंधरा वर्षं केशवराव ज्या गर्दीला भिऊन मशिदीला वळसा घालत होते, ती गर्दी म्हणजे ही एक म्हातारी बाई. रझियाबी गादीवर बसून एका पोरीच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होत्या. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले, आणि ओळखलं.

“केशूभाई? शेरवानी में? कोन मरा?”

केशवराव पायरीवर बसले. सुनावणीत जे उभ्यानं सांगितलं होतं ते सगळं त्यांनी इथं बसून पुन्हा सांगितलं. बारा वाजता. सुट्टीवर रवाना. अकराला लिहिलं. जी, बरोबर. रझियाबींचे हात थांबले नव्हते. पोरगी ‘आई गं’ म्हणाली, त्यांनी तिच्या मनगटावर फुंकर घातली, दुसरी बांगडी चढवली.

“मेरे कू मालूम था,” त्या म्हणाल्या.

“तुमाला कुणी सांगितलं, भाभी?”

“कोन बोलना? छुट्टी पे रहते तो घर कू नै आते क्या?”

 इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी ते कायदा लिहीत होते, ते त्या बाईनं चौकशीच्या दिवशीच लिहून, वाचून, मंजूर करून टाकलं होतं. तिच्याकडे कुणी विचारायला गेलं नव्हतं, एवढंच.

“तुम आए नै केशूभाई,” रझियाबी म्हणाल्या. “मेरे कू गुस्सा उसका है. उन्का गठरी कोन लाके दिया था? तुम. बांगड्यां में से एक बी फूटी नै थी. उसके बाद सूरत नै दिखाए. एक गल्ली में रहके.” मग आत वळून त्या ओरडल्या, “अगे, चाय रख गे! दो लोगां हैं!”

आम्ही चहा घेतला. निघताना केशवरावांनी सवयीनं चौकटीकडं पाहिलं. तिथं वही नव्हती.

त्यानंतर ते भाजीला सरळ रस्त्यानं जात. पाच मिनिटांच्या त्या रस्त्याला त्यांना आता पाऊण तास लागे. मसुदा पुन्हा लिहिला गेला नाही. दारातली वही मात्र राहिली, आणि मीही कोपऱ्यापर्यंत जाऊन येत राहिलो.

दीड वर्षानं स्मारक उभं राहिलं. काळा दगड, चांगली पॉलिश, रहदारीची जागा, भोवती कुंपण. केशवराव मला घेऊन बघायला गेले. नावांची यादी करताना समितीत एकमत झालं नव्हतं. एका ठाण्याची वही सापडत नव्हती, दुसऱ्या ठाण्याची वाळवीनं खाल्ली होती, आणि अर्धवट यादी लावली तर राहिलेल्यांचे नातेवाईक तक्रार करतील, अशी भीती होती. तेव्हा नावंच नकोत असं ठरलं. वर फक्त ‘पोलीस हुतात्म्यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलं होतं.

केशवरावांनी कुंपणाच्या सळईला हात धरून ती ओळ दोन-तीनदा वाचली.

“बरं झालं,” ते म्हणाले. “एकट्या चाँदलाच वगळलं, असं तरी नाय झालं.”

म्हणजे मरणापुढं सगळी माणसं सारखी असतात, हे आमच्या जिल्ह्यात निदान त्या एका दगडापुरतं अमलात आलं आहे. खाली उद्घाटनाची वेगळी पाटी आहे. तिच्यावर आठ नावं आहेत, हुद्द्याप्रमाणे लावलेली. त्यांतले आठही जण त्या दिवशी हजर होते, आणि पेढे खाऊन सुखरूप घरी गेले.